गुणांच्या यादीवरून शिक्षक ओळखता येतो का?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही शिरपूर तालुक्यात नुकत्याच केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकारी, झालात. केंद्रातल्या काही शाळा तापीकाठच्या अहिराणी गावांत आहेत, काही सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आदिवासी पाड्यांवर. वर्षअखेर जवळ आली आहे, शिक्षकांच्या कामावर अभिप्राय द्यायचा आहे, आणि चाचणीच्या गुणांवरून शिक्षकांची उतरत्या क्रमाने यादी करून द्या असं तुम्हाला तोंडी सांगितलं गेलंय. ही यादी खरी मानायची का, आणि मानायची नसेल तर शिक्षकाचं काम मोजायचं तरी कसं?

मी याच भागात आधी जिल्हा परिषदेचा शिक्षक, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केलं. गोपनीय अहवाल, म्हणजे वर्षभराच्या कामावरचे लेखी अभिप्राय, माझ्यावरही लिहिले गेले, मीही इतरांचे लिहिले. त्यावरून सांगतो. मार्चच्या गुणांवरून केलेली यादी ही शिक्षकांपेक्षा गावांची यादी होते. कुठल्या गावात आईबाप शिकलेले आहेत, कुठे अंगणवाडी चांगली चालते, कुठल्या पाड्यावरची घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तोच क्रम त्या कागदावर उतरतो. शिक्षकाचं काम म्हणजे जूनमध्ये त्याच्या पुढ्यात बसलेलं मूल मार्चपर्यंत किती पुढे सरकलं ते. हे मोजायचं तर जूनची नोंद हवी. आणि मूल कशामुळे सरकलं किंवा कुठे अडलं हे कळायचं असेल, तर तुम्हाला वर्गात जाऊन बसावं लागेल. बाकी सगळं यानंतर येतं.

समजा, तुमच्याकडे तिसरीचे दोन वर्ग आहेत, दोन्हींत वीस-वीस मुलं. शहराला लागून असलेल्या शाळेत जूनमध्ये 14 मुलं उतारा वाचत होती, मार्चमध्ये 16 वाचतात. पाड्यावरच्या शाळेत जूनमध्ये जेमतेम 2 वाचत होती, निम्म्यांची अक्षरओळखही कच्ची होती. मार्चमध्ये 11 वाचतात. यादी केलीत की पहिला शिक्षक वर जाणार आणि दुसरा खाली. प्रत्यक्षात एकाने वर्षभरात दोन मुलं वाचती केली आणि दुसऱ्याने नऊ. त्या दुसऱ्याला तुम्ही तळाला टाकलंत, तर बदलीची पहिली संधी मिळताच तो पाडा सोडेल, आणि त्याची जागा घ्यायला कुणी खुशीने येणार नाही.

आपले वर्ग लहान असतात हाही मुद्दा आहे. नऊ मुलांच्या वर्गात चाचणीच्या दिवशी एक मूल तापाने फणफणलं असेल, तर टक्केवारी अकराने हलते. दोन घरं स्थलांतर करून गेली, तर गेल्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही. अशा आकड्यांवर क्रमांक लावून एकाला पाचवा आणि दुसऱ्याला सातवा म्हणण्यात काही अर्थ नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत शाळांचा कारभार स्थानिक शाळा-जिल्ह्यांकडे असतो. तिथल्या अनेक जिल्ह्यांनी मुलांचे आधीचे गुण हिशेबात धरून शिक्षकाने नेमकी किती भर घातली हे संख्याशास्त्राने काढायचा प्रयत्न केला. 2014 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने याबाबत सावध केलं: बहुतेक अभ्यासांत मुलामुलांच्या गुणांतल्या फरकाचा फक्त 1 ते 14 टक्के भाग शिक्षकांमुळे असल्याचं दिसतं. यावरून शिक्षक बिनमहत्त्वाचा असं कुणी समजू नये. एका चाचणीच्या गुणांतून त्याचा वाटा नेमका वेगळा काढणं भल्याभल्या संख्याशास्त्रज्ञांना जड जातं, एवढंच त्यातून घ्यायचं. ह्यूस्टनमध्ये तर शिक्षक न्यायालयात गेले. आमचे गुण कसे काढले ते आम्हाला तपासताच येत नाही, मग त्यावर आमची नोकरी कशी ठरवता, हा त्यांचा आक्षेप 2017 मध्ये न्यायालयाने दखलपात्र मानला आणि खटला पुढे चालू दिला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात ग्रामीण सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी मोठा प्रयोग केला. मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस दिला, आणि दोन वर्षांत त्या शाळांतल्या मुलांचं गणित आणि भाषा इतर शाळांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. म्हणजे मोजमाप आणि बक्षीस यांचा उपयोग होतो. पण तिथे बोनस वर्षाच्या सुरुवातीपासून मुलं किती पुढे गेली यावर होता, आणि चाचण्या शाळेबाहेरच्या माणसांनी घेतल्या होत्या. नेमक्या याच दोन गोष्टी तुम्हाला सांगितलेल्या यादीत नाहीत.

जरा मागचं सांगतो, कारण महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिराव फुले यांनी निकाल पाहून पैसे देण्याच्या पद्धतीला विरोध केला होता. गरीब आणि अजून शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजासाठी ती पद्धत योग्य नाही, आणि अशा वस्तीत तिच्या भरवशावर कुठला शिक्षक शाळा काढणार नाही, कारण त्याचं पोट भरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पाड्यावरच्या शाळेचं नाव यादीच्या तळाला लिहिताना तो मुद्दा आठवावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाची नोंद करून घ्या. पायाभूत चाचणी झाली असेल तर तिचे गुण आहेतच, पण मला त्यापेक्षा साधी तोंडी तपासणी जास्त उपयोगी वाटते: मूल अक्षर वाचतं, शब्द वाचतं, वाक्य वाचतं की उतारा, आणि गणितात संख्या ओळखतं, बेरीज करतं, हातच्याची वजाबाकी करतं की भागाकार. प्रत्येक मुलापुढे एकच खूण. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, कारण पहिल्या चार धड्यांचं वाचन बऱ्याच मुलांचं पाठांतर असतं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानाची उद्दिष्टं तुमच्याकडे आहेतच. तिसरीअखेर अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या वेगाने समजून वाचणं, असं त्यात म्हटलंय. तो आकडा दिशा म्हणून ठेवा, पण घड्याळ हातात धरून पावरा मुलाची धावण्याची शर्यत लावू नका. मराठीत एकेका शब्दाला प्रत्यय चिकटून तो लांबतो, जोडाक्षरं येतात, आणि त्या मुलाला तो शब्द उच्चारण्याआधी मनात ओळखून घ्यावा लागतो. चाळीस शब्द वाचून गोष्ट सांगणारं मूल मला सत्तर शब्द भराभर म्हणून गप्प बसणाऱ्या मुलापेक्षा पुढचं वाटतं.

ही तपासणी शिक्षकाने आपल्याच वर्गाची करू नये. एका शाळेची दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने करावी, मार्चमध्येही तसंच. यात अविश्वासाचा भाग नाही हे शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर समजावून सांगा. स्वतःच्या मुलाला अडखळताना पाहून कुणाही चांगल्या शिक्षकाच्या तोंडून पहिलं अक्षर निघतंच, आणि निकाल बदलतो. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हा विचार पहिल्यांदा इतक्या ठामपणे खालपर्यंत आला. मला तो फार मोलाचा वाटतो. जिथे शाळा प्रगत झाल्याची घोषणा करायची घाई झाली, तिथे मात्र कागद पुढे गेला आणि मूल मागे राहिलं. बाहेरच्या शिक्षकाने केलेली तपासणी हा त्यावरचा सोपा उपाय आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

वर्गनिरीक्षण हा या कामाचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

केंद्रप्रमुख शाळेत येतो, मुख्याध्यापकांच्या टेबलाशी बसतो, हजेरी, पोषण आहाराची नोंदवही, यूडायसची (शाळांच्या सरकारी आकडेवारीची) माहिती पाहतो, चहा घेतो, वर्गात डोकावून एका मुलाला पाढा विचारतो, शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ लिहितो आणि पुढच्या शाळेला निघतो. या भेटीतून शिक्षकाबद्दल काहीही कळत नाही. एका दिवशी एकच शाळा करा. तासाच्या आधी वर्गात जा आणि मागे मुलांच्या ओळीत, चटईवर बसा. पुढे खुर्ची टाकून बसलात की मुलं तुमच्याकडे बघतात आणि शिक्षक तुमच्यासाठी शिकवतो. पहिली दहा मिनिटं काही लिहू नका. वही उघडली की शिक्षकाचा आवाज बदलतो. मग एका कागदावर बैठकीचा साधा नकाशा काढा, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन, आणि शिक्षक ज्याला प्रश्न विचारेल किंवा ज्याच्याजवळ जाईल त्याच्या चौकोनात टिंब द्या. तासाअखेर त्या कागदाकडे पाहा. बहुतेक वर्गांत पुढच्या ओळीतल्या चार-पाच मुलांच्या चौकोनात टिंबांची गर्दी दिसेल आणि दाराजवळची, भिंतीकडेची मुलं कोरी असतील. शिक्षक वाईट म्हणून हे होत नाही. उत्तर येणाऱ्या मुलाकडे माणूस आपोआप वळतो. तो कागद शिक्षकाच्या हातात द्या, वर एक शब्द बोलू नका. मी पाहिलेल्या शिक्षकांपैकी बहुतेकांना त्याहून वेगळा शेरा लागला नाही. पुढच्या भेटीपर्यंत टिंबं पसरलेली असायची.

‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो सर!’ असं एका सुरात उत्तर येतं, त्याला काडीची किंमत देऊ नका. शिक्षकाने त्यानंतर काय केलं ते पाहा. चांगला शिक्षक एखाद्या गप्प मुलाला फळ्याशी बोलावतो, किंवा एक उलटं उदाहरण टाकतो. आणि मुलाचं उत्तर चुकलं की काय होतं, हा तर माझ्या मते शिक्षक ओळखण्याचा सर्वात भरवशाचा क्षण. 42 वजा 17 या गणिताचं उत्तर तिसरीतलं मूल 35 लिहितं. नीट पाहा, मुलाने दशकात चारातून एक काढला आणि एककात सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याने मनाशी धरलंय आणि प्रत्येक ठिकाणी तेच केलंय. एक शिक्षक तिथे लाल फुली मारून ‘25’ लिहितो आणि पुढच्या वहीकडे वळतो. दुसरी शिक्षिका त्या मुलापुढे काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवते आणि म्हणते, यातल्या सतरा मला दे. मूल दोन काड्या देतं, अडतं, गठ्ठ्याकडे बघतं, आणि मग स्वतःच रबर काढून गठ्ठा सोडतं. या दोघांच्या वर्गाचे त्या महिन्याचे गुण कदाचित सारखेही असतील. तुमच्या अहवालात मात्र ते दोघं सारखे दिसता कामा नयेत.

तास संपल्यावर चार मुलांच्या वह्या मागा, पण शिक्षकाने निवडून दिलेल्या नकोत. नकाशातल्या कोऱ्या चौकोनांतल्या मुलांच्या घ्या. तीच चूक जुलैतही आणि डिसेंबरातही आहे का? चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण आहे का? वही तपासल्यावर मुलाने दुरुस्ती केली आहे का, आणि ती तपासली गेली आहे का? वह्या खोटं बोलत नाहीत. भिंतीवरची चित्रं, रंगवलेल्या पायऱ्या, उपक्रमांचे फोटो आणि जाडजूड फाइल यांवर गुण देऊ नका. त्यातलं काही खरंच चांगलं असतं, पण ते मुलाच्या वहीत उतरलं असेल तरच.

द्विशिक्षकी शाळेत शिक्षक एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो. तिथे तो ज्या इयत्तेला शिकवतोय तिच्याकडे बघण्यापेक्षा उरलेल्या इयत्तांकडे बघा. त्या मुलांच्या हातात काही काम आहे का, ते त्यांना झेपणारं आहे का, एकमेकांना विचारून करतात का? बहुवर्ग अध्यापनाचं सगळं कसब त्या ‘रिकाम्या’ इयत्तेत दिसतं. पूर्ण इयत्तेचा एक वर्ग असलेल्या शिक्षकाशी अशा शिक्षकाची तुलना एका तक्त्यात करणं अन्यायाचं आहे.

भाषेबद्दल खान्देशात वेगळं बोलायलाच हवं. साक्री-शिरपूरच्या खेड्यातलं मूल अहिराणी बोलत शाळेत येतं, धडगावचं पावरी, नवापूरचं मावची. चित्रात पाऊस दाखवून काय चाललंय विचारलं आणि मूल म्हणालं, ‘पानी पडी ऱ्हायनं’, तर उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. जो शिक्षक मान डोलावून ‘हो, पाऊस पडतो आहे’ असं म्हणत त्याच अर्थाचं मराठी वाक्य पुढे ठेवतो, त्याने दोन्ही भाषांचा मान राखला आणि धडाही पुढे नेला. जो ‘नीट बोल’ म्हणून खाली बसवतो, त्याच्या वर्गात ते मूल महिनाभर तोंड उघडणार नाही, आणि तुम्ही मार्चमध्ये त्याला ‘अबोल’ म्हणून नोंदवाल. 27 फेब्रुवारी 2017 च्या निर्णयानंतर बदल्या संगणकावरून होऊ लागल्या. दुसऱ्या टोकाचा शिक्षक पाड्यावर येतो तेव्हा त्याला स्थानिक बोलीचा गंध नसतो. ती त्याची चूक नाही. दिवाळीपर्यंत त्याने मुलांच्या बोलीतले रोजच्या वापराचे शब्द वहीत उतरवून घेतले आहेत का, हे मात्र आवर्जून बघा. तशी वही दिसली तर अहवालात तिचा उल्लेख नावानिशी करा, कारण असल्या कामासाठी कुठल्याही छापील नमुन्यात रकाना नसतो.

स्थलांतराचंही तसंच. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात, काही घरं गुजरातकडे जातात, आणि होळीच्या सुमारास परततात. अशा मुलाची गैरहजेरी शिक्षकाच्या नावावर टाकू नका. शिक्षकाने त्याबाबत काय केलं ते त्याच्या नावावर टाका. कुठलं घर कधी जाणार याची यादी त्याच्याकडे आहे का, मुलाला दुसरीकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड दिलं का, आजीपाशी एखादं मूल मागे ठेवण्याबद्दल घरच्यांशी बोलला का, परत आलेल्या मुलाला जिथे शिक्षण सुटलं तिथून उचललं की वर्ग जिथे पोहोचला तिथे ढकललं? तुम्ही गावात एक चक्कर मारली की या प्रश्नांची उत्तरं मिळतात.

हजेरीचा प्रश्न नेहमी पहिला विचारला जातो, म्हणून त्यावरही थोडं. उदयपूरच्या खेड्यांत एका संस्थेच्या अनौपचारिक शाळांत शिक्षकांना तारखेचा शिक्का असलेले कॅमेरे दिले आणि पगार हजर दिवसांशी जोडला, तेव्हा गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली आणि मुलांचे गुणही वाढले. म्हणजे नुसतं शाळेत असण्यालाही किंमत आहे. पण 2003 मध्ये देशभर अचानक भेटी देऊन जी पाहणी झाली, तिच्यात देशात सरासरी चौथा हिस्सा शिक्षक गैरहजर सापडले असताना महाराष्ट्राचं प्रमाण 14.6 टक्के, पाहणीतल्या राज्यांत सर्वात कमी होतं. त्यामुळे हजेरी ही किमान अट मानावी. ती पूर्ण केली म्हणून ‘उत्कृष्ट’ देऊ नये. आणि गैरहजर शिक्षक कुठे होता हेही विचारावं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना द्यायला मनाई केली आहे, आणि मतदार यादीचं काम शिकवण्याच्या वेळेत देऊ नये असं 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तरी बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम, बैठका, तातडीच्या ऑनलाइन माहित्या यांत दिवस जातात. प्रत्येक शिक्षकाचे असे किती दिवस गेले याची नोंद तुम्ही स्वतः ठेवा आणि अहवालाला जोडा. शिकवायला मिळालेच नाहीत ते दिवस शिक्षकाच्या खात्यात धरायचे कसे?

पालकांचं मत घ्यायलाच हवं. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. पण ‘सर कसे आहेत?’ असं विचारलंत तर ‘चांगलं शे’ एवढंच ऐकू येईल, नाहीतर गावच्या गटातटाचं राजकारण बाहेर पडेल. त्यापेक्षा आयांना विचारा, ‘पोरले वाचता येस का?’ पोरगी घरी काय वाचून दाखवते, बसवरच्या पाट्या वाचते का, शाळेत जायचा कंटाळा करते का, सर कधी घरी आले होते का. निरक्षर आईलाही आपलं लेकरू वाचतं की वाचल्याचं सोंग करतं हे पक्कं ठाऊक असतं.

आता अभिप्राय लिहिण्याबद्दल. गोपनीय अहवालाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि आपली शाळा जून ते एप्रिल-मे. म्हणजे एका अहवालात शिक्षकाच्या दोन तुकड्या येतात, मधे बदली झाली असेल तर दोन शाळाही. कोणत्या मुलांबद्दल लिहिताय ते स्पष्ट लिहा. मुख्याध्यापकांशी बसून लिहा, कारण रोज शिक्षकाला पाहणारे तेच असतात. ‘काम चांगले आहे’, ‘सुधारणेस वाव’ असली वाक्यं टाळा. ‘21 मुलांपैकी 9 मुलं वर्षभरात शब्दवाचनावरून उतारावाचनावर आली, प्रश्न विचारताना मागच्या ओळीकडे दुर्लक्ष होत होतं, दुसऱ्या सत्रात त्यात फरक दिसला’ अशी वाक्यं लिहा. ती वाचून शिक्षकाला पुढच्या सोमवारी काय करायचं ते कळतं. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी यांच्या वेळी हेच कागद बाहेर निघतात, तेव्हा एका ओळीच्या शेऱ्याने कुणाचं नुकसान व्हायला नको आणि कुणाला फुकटचा फायदाही मिळायला नको.

2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलंय की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, संबंधिताला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडता येईल. कायदा आहे म्हणून तर कळवाच; पण माझा आग्रह असा की जे तुम्ही शिक्षकाला समोर बसवून सांगितलेलं नाही ते अहवालात प्रथमच लिहू नका. सप्टेंबरमध्ये दिसलेली उणीव सप्टेंबरमध्ये सांगा. मार्चमध्ये ती कळून मुलांना काय मिळणार?

कमी पडणाऱ्या शिक्षकांत दोन वेगळी माणसं असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एकाला जमत नाही, दुसरा करत नाही. जमत नसलेल्या शिक्षकाला ज्ञापन (लेखी नोटीस) देऊन काहीही साध्य होत नाही. त्याला केंद्रातल्याच दुसऱ्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात दोन दिवस बसवा, मग त्या शिक्षकाला याच्या वर्गात आणा, शिक्षण परिषदेत त्याला अडणारा एकच घटक घ्या, धुळ्याच्या डायटमधल्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या) विषयतज्ज्ञांना बोलवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला 50 तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास ऑनलाइन प्रमाणपत्रांत घालवण्यापेक्षा असे घालवले तर वर्गात फरक दिसतो. मी वयाने पन्नाशी उलटलेले शिक्षक गठ्ठे-सुटे वापरून गणित नव्याने शिकवायला लागलेले पाहिले आहेत. त्यांना कुणी आधी शेजारी बसून दाखवलंच नव्हतं.

करत नसलेल्याशी वेगळं वागावं लागतं. भेटीची तारीख आणि वेळ, वर्गात काय चाललं होतं, वह्यांची स्थिती, हे सगळं जागेवरच शेरेबुकात लिहा आणि त्याची सही घ्या. ठरावीक मुदत द्या, मुदत संपल्याच्या दिवशी परत जा. पहिल्यांदा समज, मग ज्ञापन, त्यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पुराव्यांसह लेखी प्रस्ताव. पुढची कारवाई जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, 1964 प्रमाणे त्यांनी आणि वरिष्ठांनी करायची आहे. हे कागद नीट नसले की तो माणूस सुटतो आणि शेजारच्या वर्गात राबणाऱ्या शिक्षकाचा उत्साह मरतो. गावातल्या पुढाऱ्याचा फोन येईल. शांतपणे ऐका आणि त्या वर्गातल्या दोन मुलांच्या वह्या त्यांना दाखवायला घेऊन जा. त्यांची स्वतःची नातवंडं त्या शाळेत असतील तर बोलणं लवकर संपतं.

राहिला तुमचा आत्ताचा पेच: या वर्षीची जूनची नोंद तुमच्याकडे नाही आणि यादी तर मागितली आहे. यादी देणार नाही असं सांगून वाद घालू नका. तोंडी सूचना लेखी मागा, नम्रपणे. पुष्कळदा विषय तिथेच मिटतो. लेखी आलीच तर गुणांच्या रकान्याशेजारी आणखी रकाने घाला: पटसंख्या, एका वेळी सांभाळलेल्या इयत्ता, मुलांची घरची भाषा, स्थलांतरित मुलं, अशैक्षणिक कामात गेलेले दिवस. आणि क्रमांक लावू नका, शाळांची नावं वर्णानुक्रमे लिहा. सुरुवातीच्या स्थितीसाठी जून-जुलैच्या वह्यांची पहिली पानं गोळा करा. प्रत्येक मुलाचं एक पान आणि आत्ताचं एक पान शेजारी ठेवलं की पुष्कळसं दिसतं. जिथे तीही मिळणार नाहीत, तिथे ‘वर्षारंभीची नोंद उपलब्ध नसल्याने प्रगतीबाबत मत देता येत नाही’ असं स्वच्छ लिहा आणि वर्गनिरीक्षणावरून जेवढं खात्रीने म्हणता येतं तेवढंच म्हणा. येत्या जूनमध्ये तपासणीचे कागद शाळा उघडण्याआधी छापून तयार ठेवा, कोणता शिक्षक कोणत्या शाळेत जाणार तेही आधीच ठरवा. पाऊस लागला की पाड्यांवरचे रस्ते बंद होतात, म्हणून सातपुड्याकडच्या शाळा आधी घ्या.